जुन्या मालकी रानाची जोपासना

कोकणातील शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर भातखाचर, वरकस आणि बागायत यांच्या जोडीला पुष्कळदा डोंगरउताराचा एखादा तुकडा नोंदलेला असतो. तेथे नांगर चालत नाही आणि कलमेही लावलेली नसतात. घरची मंडळी त्यास नुसते 'रान' म्हणतात. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी राखीव जंगल फार थोडे असून, डोंगरावर जे काही हिरवे दिसते त्यातील बहुतेक अशाच मालकी रानांचे आहे. पूर्वी ही राने खोतांच्या व रयतेच्या हाती होती. 1949 च्या कायद्याने खोती गेली, तरी रान कुळांच्या व भाऊबंदांच्या वाटणीत मालकीचेच राहिले.

अशा रानाची आठवण घरात पंधरा-वीस वर्षांतून एकदा होते, ती ठेकेदार दारी आल्यावर. तो सबंध रानाचा एकच आकडा सांगतो आणि रोख रक्कम पुढे ठेवतो. मुलीचे लग्न, घराचे छप्पर, मुंबईतील भावांचा हिस्सा, यांपैकी काहीतरी निकडीचे असतेच. आणि महिन्याच्या आत टेकडी बोडकी होते. या व्यवहारात शेतकऱ्याची लबाडी नाही, की अज्ञानही नाही. त्यास गरज असते आणि उभे रान त्यास दरसाल काही देत नसते. म्हणून रान राखा असा कोरडा उपदेश करण्यात आम्हांस स्वारस्य नाही. रान ठेवावयाचे असे एखाद्या कुटुंबाने ठरविले, तर ते सुस्थितीस कसे आणावे, त्यात पशुपक्ष्यांस आसरा कसा राहावा, पाहावयास येणाऱ्या लोकांची व्यवस्था कशी लावावी आणि मालकाच्या पदरात काय पडावे, एवढ्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

रान जुने आहे म्हणजे त्यास कोणाचा हात लागलेला नाही, असे समजण्याचे कारण नाही. भाताचे रोप टाकण्याच्या जागेवर कवळ, शेण व गवत पसरून भाजण्याची राबाची चाल कोकणात फार जुनी. त्यासाठी ऐन, किंजळ इत्यादी झाडांचे टहाळ दरसाल उतरविले जात. या हक्कावरून ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत रयत आणि जंगलखाते यांत इतका बेबनाव झाला की, 1885 साली मुंबई सरकारास चौकशीसाठी कमिशन नेमावे लागले. पुढे कोळसा आणि जळाऊ लाकूड यांसाठी बुडापासून तोड होऊ लागली. तोडलेल्या ऐनाच्या व किंजळाच्या बुंध्यांना फुटवे येतात, त्यांचेच पुन्हा रान होते आणि तेच पुन्हा तोडले जाते. यामुळे आज एकाच रानात दोन प्रकारचा भाग आढळतो. पऱ्ह्याच्या काठी किंवा देवस्थानाच्या आसपास मोजके प्रचंड वृक्ष असतात आणि बाकीच्या उतारावर मनगटाएवढ्या सोटांची दाटी असते. या दोहोंची जोपासना एका रीतीने करता येत नाही.

मूळचे रान कसे होते हे कळण्यास गावची देवराई पाहावी. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास करून 1976 साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला, तेव्हापासून शास्त्रज्ञांचे लक्ष या राखीव तुकड्यांकडे विशेष वेधले. श्रीवर्धन तालुक्यातील गाणी गावच्या देवराईत गारंबीचा एक वेल होता. त्याची साल गुरांच्या औषधासाठी नेण्यास दूरदूरच्या गावांतून लोक येत, कारण भोवतालच्या रानांतून गारंबी नाहीशी झाली होती. आपल्या रानात काय असावयास हवे होते आणि काय गेले आहे, याची यादी देवराईत एक दिवस हिंडल्याने जशी होते तशी पुस्तकावरून होत नाही. मात्र गुरव व मानकरी यांस विचारल्यावाचून आत जाऊ नये, आणि तेथील रोप किंवा बी कौल घेतल्यावाचून उचलू नये. काही गावी देवळाचा जीर्णोद्धार करण्यासाठी देवराईतीलच झाडे विकली गेली आहेत, ही गोष्ट खेदाची असली तरी खरी आहे.

रान हाती घेतल्यावर पहिले वर्ष कोयता म्यानात ठेवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. या वर्षात चारही ऋतूंत रान पायाखाली घालावे आणि टिपण करावे. ज्याच्या बुंध्यास दोन माणसांची कव पुरत नाही असे प्रत्येक झाड, ढोली असलेले प्रत्येक झाड, वठून उभे राहिलेले प्रत्येक खोड, वड-उंबर-पायर-नांद्रुक यांची प्रत्येक जागा, आणि वैशाखात पाणी कोठवर टिकते तो पऱ्ह्याचा भाग, या सर्वांची नोंद कच्च्या नकाशावर असावी. याच वर्षात तलाठ्याकडून सातबारा व फेरफार काढून पाहावेत. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम 1975 साली झाला आणि त्याअन्वये कित्येक जमिनी सरकारजमा झाल्या. आपल्या गट क्रमांकावर तशी नोंद नाही ना, याची खात्री खर्च करण्यापूर्वी झाली पाहिजे. त्याचप्रमाणे 1964 च्या वृक्षतोड विनियमन अधिनियमाने हिरडा, आंबा, फणस, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ इत्यादी झाडे स्वतःच्या जमिनीतील असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. पुढे जी विरळणी सांगितली आहे ती करण्यापूर्वीही वनखात्याकडे विचारणा करून ठेवावी.

ही मोजणी का करावयाची, हे धनेश पक्ष्याच्या उदाहरणावरून चांगले समजेल. महाधनेश हा सह्याद्रीतील सर्वांत मोठा धनेश. त्यास स्वतः झाड कोरता येत नाही. मोठ्या जिवंत झाडाची फांदी मोडून, तेथे कुजून किंवा सुताराने आरंभ करून जी ढोली पडते तीच त्यास लागते. विणीच्या हंगामात मादी ढोलीत शिरते आणि स्वतःची विष्ठा व फळांचा चोथा यांनी तोंड लिंपून केवळ चोच बाहेर निघेल एवढी फट ठेवते. अंडी एक किंवा दोन. तेथून पुढे कित्येक आठवडे तिचा आणि नंतर पिलाचा सर्व भार नरावर असतो. तो उंबर, वड, पायर यांची फळे गळ्यात साठवून आणतो आणि एकेक करून फटीतून भरवितो. या काळात नरास मारले किंवा त्याची वाट अडविली, तर आतील जीव उपाशी मरतात. कोकणात महाधनेशाची घरटी पुष्कळदा बेहड्याच्या जुन्या झाडावर आढळतात. बेहडा शंभर फुटांच्या आसपास वाढतो आणि वयात आल्यावर त्याच्या खोडात पोकळी धरते. लाकूड म्हणून अशा पोकळ झाडाची किंमत थोडीच येते. ठेकेदार त्याची गणना जळाऊत करतो. म्हणजे ज्या झाडावाचून धनेशाचे कुटुंबच होणार नाही, तेच सबंध व्यवहारात सर्वांत स्वस्त जाते.

बी पेरून बेहड्याचे रोप दोन महिन्यांत मिळते, पण ढोली मिळण्यास पिढ्या जाव्या लागतात. जुन्या रानात जे विकत किंवा लावून मिळत नाही ते हे होय. म्हणून ढोलीची व वठलेली झाडे यांस अगोदर अभय द्यावे आणि मग बाकीच्या कामास हात घालावा. 'मेलेले झाड रानात कशाला?' असा प्रश्न आमच्या कित्येक सभासदांनी केला आहे. वठलेल्या खोडात भुंगेऱ्यांच्या अळ्या वाढतात, त्यांवर सुतार जगतो, सुताराने केलेल्या भोकात पुढे पिंगळा, पोपट, मैना राहतात. आडवे पडलेले खोड ओल धरते आणि त्याच्या आडोशाने नवे रोप गुरांच्या तोंडातून वाचते. वाटेवर पडण्याची भीती असेल तर ते तेवढेच झाड उतरवावे आणि लाकूड तेथेच कुजू द्यावे.

संरक्षणाच्या कामात वणवा हा पहिला शत्रू. सड्यावरील गवत किंवा शेजारच्या काजूच्या बागेतील पाला फाल्गुन-चैत्रात पेटविला जातो आणि वाऱ्याने आग रानात शिरते. मोठी झाडे वरवर वाचतात, पण पाच वर्षांत उगवलेली सर्व रोपे एका दुपारी जातात आणि ती हानी वरून दिसतही नाही. मार्गशीर्ष संपण्यापूर्वी रानाच्या वरच्या कडेने 10 ते 12 हात रुंदीची पट्टी गवत कापून साफ करावी आणि शेजाऱ्यास भाजावळीचा दिवस कळविण्यास सांगून ठेवावे. दुसरे काम गडग्याचे. जांभ्या दगडाचा जुना गडगा ठिकठिकाणी ढासळलेला असतो. तो सिमेंट न घालता, सुक्या दगडांचाच पुन्हा रचावा, कारण त्याच्या फटींतून पाली, सापसुरळ्या, मुंगूस यांची वस्ती असते. गुरांच्या बाबतीत आम्ही आग्रही नाही. दोन-चार गाई हिंडल्याने रानाचे फारसे बिघडत नाही. परंतु शेळ्या मात्र निदान आठ-दहा वर्षे आत येऊ देऊ नयेत.

आता तणांविषयी. रानमोडी व घाणेरी या दोन परदेशी झुडपांनी कोकणातील तोडलेली राने व्यापून टाकली आहेत. लोक उत्साहाने मजूर लावून एका हंगामात सर्व रान साफ करतात आणि पुढच्या पावसात उघड्या जमिनीवर पूर्वीपेक्षा दाट रानमोडी उगवते. येथे ऑस्ट्रेलियातील एक अनुभव उपयोगी पडेल. सिडनी शहरातील ब्रॅडली भगिनींनी 1960 च्या दशकात आपल्या परिसरातील झाडीत तण काढण्याची निराळीच रीत पाडली. जेथे मूळ झाडी सर्वांत चांगली आहे तेथून आरंभ करावयाचा, तेथील तुरळक तण हातांनी काढावयाचे, माती शक्य तितकी कमी हलवावयाची, उपटलेल्या जागी पाचोळा परत पसरावयाचा, आणि मूळ झाडी ती जागा भरून काढील तेवढ्याच वेगाने बाहेरच्या बिघडलेल्या भागाकडे सरकावयाचे. आमच्याकडील माणसास हे उलटे वाटते, कारण जेथे घाण अधिक तेथे झाडू आधी, अशी आपली सवय आहे. पण रानात सावली हाच खरा मजूर आहे. रानमोडीस ऊन लागते. वर छत्र मिटले की ती आपोआप खंगते.

रानमोडी पाऊस ओसरल्यावर, जमीन मऊ असताना आणि फुले येण्यापूर्वी, म्हणजे भाद्रपद अखेरपासून कार्तिकापर्यंत मुळासकट उपटावी. पौष-माघात तिचे हलके बी वाऱ्याने उडू लागल्यावर केलेले श्रम पेरणीच्याच उपयोगी पडतात. घाणेरी नुसती छाटली तर बुडापासून जोमाने फुटते. तिचे मूळ जमिनीच्या पृष्ठभागाखाली दोन-तीन बोटांवर कुदळीने तोडून झुडूप उलटे करून ठेवावे, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. ज्या जाळीत पक्ष्यांची घरटी असतील ती हंगाम संपेपर्यंत तशीच ठेवण्यास हरकत नाही.

तोडीतून उगवलेल्या दाट भागात एकेका बुंध्यावर पाच-सात सोट असतात आणि सर्वच उपाशी राहतात. त्यांपैकी जमिनीलगत फुटलेला, सरळ आणि जोमदार असा एक, क्वचित दोन, राखून बाकीचे काढावेत. उंचावर फुटलेला सोट पुढे वाऱ्याने बुंध्यापासून फाटतो, म्हणून तो कितीही देखणा असला तरी ठेवू नये. हे काम सबंध उतारावर एकदम न करता दरसाल तिसरा-चौथा हिस्सा घ्यावा. एकदम ऊन पडले तर रानमोडीस आमंत्रणच होय. निघालेली फाटी घरच्या चुलीस पुरतात आणि मजुरीही बहुधा त्यातून सुटते.

वृक्षारोपणाची पाळी सर्वांच्या शेवटी येते, आणि पुष्कळ ठिकाणी ती येतच नाही. जेथे जुनी झाडे शेजारी उभी आहेत आणि पक्षी येत आहेत, तेथे बी आपोआप पडते. ज्या बोडक्या जागी चार पावसाळ्यांत काहीच उगवले नाही तेथेच लावणी करावी. तीही आपल्या रानातील किंवा त्याच खोऱ्यातील बियांची. जांभळाचे बी थोड्याच आठवड्यांत निर्जीव होते, ते ताजेच पेरावे. बेहड्याचे बी उंदीर कुरतडतात, यास्तव रोपे घराजवळ पिशवीत करून मग न्यावीत. वड, नांद्रुक व पांगारा यांच्या मनगटाएवढ्या फांद्या आषाढात रोवल्या तरी जगतात. उंबर व वड वर्गातील झाडे अधूनमधून निरनिराळ्या वेळी फळतात, आणि इतर फळे संपलेल्या दिवसांत सबंध रानाचे पोषण त्यांवर चालते. म्हणून एकच जात लावणे शक्य असेल तर या वर्गातील लावावी. ऑस्ट्रेलियन बाभूळ व गिरिपुष्प लवकर हिरवे दिसतात हे खरे, पण जुन्या रानात त्यांस जागा नाही.

रान राखले की डुकरे, माकडे व साळिंदरे वाढून भात आणि बागायत यांचा नाश होतो, हा आक्षेप शेतकरी करतात. तो खोडून काढण्याचा आव आम्ही आणणार नाही. शेताच्या कडेस रानमोडीची व घाणेरीची जाळी असेल तर डुकरे दिवसा तेथेच दडतात, म्हणून शेत व रान यांमध्ये 20 ते 25 हातांची उघडी पट्टी ठेवल्याने काही उपयोग होतो. माकडांवर तेवढ्याने भागत नाही. पिकाचे नुकसान होताच वनखात्याकडे पंचनाम्यासाठी अर्ज करावा, आणि भरपाई पुरती पडत नाही हे गृहीत धरूनच रानाच्या उत्पन्नाचा हिशेब मांडावा. ज्याचे शेत रानास लागून आहे पण रानात हिस्सा नाही, त्या शेजाऱ्याचा विचार मालकाने प्रथम करावा. पाहुण्यांकडून जे उत्पन्न येईल त्यातील काही भाग त्याच्या कुंपणास देणे न्यायाचे तर आहेच, शिवाय शहाणपणाचेही आहे. कारण काडी ओढणारा आणि फासे लावणारा हात बहुधा अशाच दुखावलेल्या शेजाऱ्याचा असतो.

पाहुण्यांची गोष्ट आता घेऊ. शहरातील लोक शेकरू, धनेश, रात्री चमकणारी बुरशी, काजवे पाहण्यासाठी पैसे देऊन येतात आणि त्यांची संख्या वाढत आहे. अडचण अशी की, त्यांच्या सुट्या आणि धनेशाची वीण एकाच वेळी येतात. माघापासून वैशाखापर्यंत मादी ढोलीत कोंडलेली असते आणि नेमक्या याच दिवसांत मुंबई-पुण्याची मंडळी कोकणात उतरतात. झाडाखाली माणसे उभी असली की नर फळे गळ्यात घेऊन दूरच्या झाडावर बसून राहतो आणि वेळ गेल्यावर परत जातो. पाहणाऱ्यास वाटते, पक्षी छान दिसला. आत काय घडले ते त्यास दिसत नाही. म्हणून घरट्याचे झाड कोणासही दाखवू नये, मग तो कितीही मोठा छायाचित्रकार असो. त्याऐवजी फळलेला उंबर किंवा वड दाखवावा. तेथे धनेश मोकळेपणाने येतो आणि दहा जातींचे इतर पक्षीही दिसतात. पक्ष्यांचे ध्वनिमुद्रित आवाज वाजवून त्यांस बोलाविण्याची खोड काहींना असते, ती प्रवेशापाशीच बंद करावी.

वाट एकच असावी. जुनी पाखाडी असेल तर तिचेच दगड नीट बसवावेत. नवी काढावयाची तर पऱ्ह्याच्या काठापासून आणि ढोलीच्या झाडांपासून दूर न्यावी. रानाचा निदान अर्धा भाग असा असावा की जेथे मालकही कामावाचून जात नाही. एका वेळी आठ-दहांपेक्षा अधिक माणसे नसावीत आणि सोबत घरचा किंवा गावचा माहीतगार मनुष्य असावा. ज्यास झाडांची नावे, त्यांचे औषधी उपयोग आणि गावच्या कथा ठाऊक आहेत अशी म्हातारी माणसे प्रत्येक वाडीत आहेत, आणि आम्ही पाहिले आहे की, पाहुण्यांस पक्ष्यांइकेच त्यांचे बोलणे आवडते. सिमेंटची बाके, झोपाळे, रंगीत कमानी यांवर पैसा घालू नये. त्यासाठी येणारा मनुष्य बागेत जाईल, आणि रानासाठी येणारा त्या पाहून परत जाईल. जेवण व मुक्काम घरी ठेवावा, रानात नव्हे.

पाहुणे हे उत्पन्नाचे एकमेव साधन मानणे धोक्याचे आहे. एखाद्या साथीने किंवा रस्ता खचल्याने हंगामच बुडतो, हे 2020 साली सर्वांनी अनुभविले. दरसाल मिळणारे दुसरे उत्पन्न रानातील फळांचे. बेहडा व हिरडा ही आवळ्यासह त्रिफळ्याची घटकद्रव्ये असून त्यांस औषधी कारखान्यांकडून मागणी असते. फळे झाड न तोडता, फांद्या न मोडता गोळा केली, काही बियांसाठी आणि प्राण्यांसाठी सोडली आणि मोजमाप ठेवले, तर फेअरवाइल्ड या नावाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळू शकते आणि दर बाजारापेक्षा चांगला येतो. सह्याद्रीतील बेहडा व हिरडा यांच्या बाबतीत हे प्रत्यक्ष घडले आहे. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायरन्मेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने यात पुढाकार घेतला. हीच संस्था संगमेश्वर तालुक्यात मालकी रानांच्या धन्यांशी करार करून, ठराविक वर्षे तोड न करण्याच्या बदल्यात त्यांस मोबदला देण्याची पद्धत चालवीत आली आहे. फळे चांगली वाळवून, बुरशी न धरता द्यावी लागतात, एवढी एक दक्षता मात्र घेतली पाहिजे; बेहड्याचा भाव बहुधा तेथेच पडतो. याशिवाय रातांबे, तिरफळ व सुरंगीची फुले ज्या त्या रानाप्रमाणे हातभार लावतात.

सर्वांत अवघड काम रानात नसून घरात आहे. सातबाऱ्यावर दहा-बारा नावे, त्यांतील निम्मी मुंबईस, आणि एकाची गरज सर्वांची सही मागते. म्हणून रान राखण्याचे ठरताच हिस्सेदारांनी लेखी करार करावा. कोणती झाडे कधीही तोडावयाची नाहीत त्यांची क्रमांकवार यादी, उत्पन्नाची वाटणी, आणि एखाद्यास पैशाची निकड लागल्यास त्याचा हिस्सा इतरांनी कोणत्या रीतीने घ्यावयाचा, ही तीन कलमे त्यात असलीच पाहिजेत. तिसरे कलम नसलेले करार पहिल्या आजारपणात मोडतात. ज्यांस याहून पक्के संरक्षण हवे, त्यांस वन्यजीव संरक्षण कायद्यातील 'समुदाय राखीव क्षेत्र' ही तरतूद उपलब्ध आहे. 2002 च्या दुरुस्तीने ती आली असून, खाजगी मालकाने स्वेच्छेने पुढे येऊन आपले रान तसे जाहीर करवून घेता येते. 2022 च्या दुरुस्तीप्रमाणे अशा खाजगी क्षेत्राच्या समितीत मालक, वनखात्याचा प्रतिनिधी व ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी असतात. मात्र एकदा जाहीर झाल्यावर जमिनीचा वापर बदलावयाचा तर समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मान्यता लागते. ही अट मुलांसमक्ष, मुंबईच्या भावांसमक्ष वाचून दाखवावी आणि कोणाचीही सही घाईने घेऊ नये. तोपर्यंत गडग्याचे काम, कडेची साफसफाई आणि झाडांची यादी चालू ठेवण्यास कोणाच्याच परवानगीची गरज नाही.